एकाच माणसातले दोन आजार: व्यसन आणि गंभीर मनोविकार एकत्र असणाऱ्या प्रौढांसाठी वर्तनोपचार कसा आखावा

स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर विकार असलेला माणूस दारू, गांजा, कोकेन किंवा हेरॉइनच्या आहारी गेलेला असेल, तर त्याची बहुतेक वेळा दोन दारांमध्ये येरझार चालू असते. मानसोपचार विभाग सांगतो की आधी व्यसन सोडा, मग पुढचे पाहू. व्यसनमुक्ती केंद्र सांगते की आधी भास आटोक्यात येऊ द्या, मग दाखल करून घेऊ. या येरझारीत महिने जातात आणि दोन्ही आजार एकमेकांच्या आधाराने वाढतात. असे रुग्ण अपवादाने भेटतात हाही गैरसमज आहे. अमेरिकेतील मोठ्या लोकसंख्या-पाहणीचे जे निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांत स्किझोफ्रेनिया असलेल्या सुमारे ४७ टक्के आणि बायपोलर विकार असलेल्या सुमारे ५६ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी व्यसनविकार जडलेला आढळला होता. त्यामुळे मनोविकारांच्या कोणत्याही बाह्यरुग्ण विभागात काम करणाऱ्याने हे दोन्ही आजार एकाच खोलीत, एकाच चमूकडून आणि एकाच वेळी हाताळण्याची तयारी ठेवणे आवश्यक आहे.

पुढील मांडणी समुपदेशक, मानसोपचार सामाजिक कार्यकर्ते आणि परिचारिका यांच्यासाठी आहे. रुग्णाची औषधे चालू आहेत, तो गटात अर्धा-पाऊण तास बसू शकतो आणि त्याच्यावर देखरेख ठेवणारा मानसोपचारतज्ज्ञ आहे, असे येथे गृहीत धरले आहे. वर्तनोपचार औषधांच्या जोडीने चालतो. औषधांची जागा तो घेऊ शकत नाही.

पहिल्या सत्रापूर्वी काय तपासावे

रोज भरपूर दारू पिणाऱ्याला किंवा झोपेच्या आणि चिंतेवरील बेन्झोडायझेपिन गोळ्यांची सवय लागलेल्याला ‘आजपासून बंद’ असे सांगणे धोक्याचे आहे. दारू अचानक थांबल्यावर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान डेलिरियमची, म्हणजे तीव्र गोंधळ आणि भास यांची, जीवघेणी अवस्था उद्भवू शकते. त्यातले भास पाहून ‘जुना आजार उलटला’ असे समजले जाण्याची शक्यता या रुग्णांच्या बाबतीत अधिक असते. म्हणून विड्रॉवलचा, म्हणजे पदार्थ थांबल्यावर शरीराला होणाऱ्या त्रासाचा, टप्पा वैद्यकीय देखरेखीखालीच पार पडला पाहिजे. हेरॉइनसारखे अफूजन्य पदार्थ घेणाऱ्याने काही आठवडे थांबून पुन्हा पूर्वीइतकाच डोस घेतला, तर शरीराची सहनशक्ती उतरलेली असल्याने श्वास बंद पडू शकतो. ही गोष्ट त्याला आणि त्याच्या घरच्यांना पहिल्याच भेटीत स्पष्ट शब्दांत सांगावी आणि अफूजन्य पदार्थाचा परिणाम उलटवणारे नॅलोक्सोन हे औषध जवळ ठेवण्याची सोय करावी.

औषधांच्या संदर्भात दोन गोष्टी समुपदेशकालाही ठाऊक असाव्यात. तंबाखूच्या धुरातील घटकांमुळे यकृतात क्लोझापिन आणि ओलान्झापिन या मनोविकारावरील औषधांचा निचरा वेगाने होतो. त्यामुळे गटाच्या उत्साहात कोणी सिगारेटही एकदम सोडली, तर त्याच गोळ्यांची रक्तातील पातळी वाढून गुंगी आणि इतर दुष्परिणाम दिसू शकतात. असा निर्णय घेणाऱ्याचे अभिनंदन जरूर करावे, पण त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. दुसरी गोष्ट अशी की दारू सोडण्यासाठी दिले जाणारे डायसल्फिरॅम काही रुग्णांत भास-संशय वाढवू शकते. म्हणून ‘शेजारच्या गटात चालते, मग आमच्याकडे का नाही’ हा आग्रह धरू नये.

निदानाचा घोळ येथे नेहमीच असतो. नशेमुळे आलेले नैराश्य किंवा भास आणि मूळचा विकार यांतला फरक स्पष्ट व्हायला पदार्थ थांबल्यानंतर साधारण महिनाभर लागतो. परंतु निदान पक्के होईपर्यंत वर्तनोपचार रोखून धरू नये, कारण दारूच्या दुकानासमोरून न थांबता कसे जायचे हे शिकण्यासाठी निदानाच्या अचूक नावाची गरज पडत नाही. आत्महत्येच्या विचारांविषयी मात्र पहिल्या भेटीत थेट विचारावे आणि पुढेही विचारत राहावे.

नेहमीचा व्यसनमुक्तीचा गट येथे अपुरा का पडतो

स्किझोफ्रेनियात लक्ष टिकवणे, ऐकलेले क्षणभर मनात धरून ठेवणे आणि त्यावरून पुढची कृती ठरवणे या क्षमता कमी होतात. त्यातच आतून उभारी वाटण्याची शक्ती मंदावते. अशा माणसाला दीड तासाचे व्याख्यान, आवेशपूर्ण कबुलीजबाब किंवा ‘तू स्वतःला फसवतो आहेस’ अशी उलटतपासणी यांचा फायदा होत नाही. उलटतपासणीने तर संशयी रुग्ण गट सोडून जातो. ‘कळते पण वळत नाही’ असे आपण ज्याला म्हणतो, ते या आजारात अक्षरशः मेंदूच्या पातळीवर घडत असते. म्हणून येथे समजावण्यावरचा वेळ कमी करून सरावावरचा वेळ वाढवायचा असतो. मला विचाराल तर या संपूर्ण पद्धतीचे मर्म एवढेच आहे, आणि नव्या समुपदेशकाला हीच गोष्ट सर्वांत जड जाते, कारण बोलून पटवण्याचेच प्रशिक्षण आपल्याला मिळालेले असते.

या विचारावर उभारलेला एक सुविहित कार्यक्रम मेरीलँड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ ॲलन बेलॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केला. त्याची चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. गंभीर मनोविकार आणि कोकेन, हेरॉइन किंवा गांजाचे व्यसन असलेले १२९ बाह्यरुग्ण त्यात होते. सहा महिने, आठवड्यातून दोनदा, लहान गटात चाललेल्या या उपचारात स्वच्छ, म्हणजे पदार्थाचा अंश नसलेल्या, लघवी-नमुन्यांचे प्रमाण, उपस्थिती आणि उपचारात टिकून राहणे या तिन्ही बाबी केवळ आधार देणाऱ्या गटापेक्षा सरस ठरल्या. पुढील आराखडा बराचसा याच धर्तीवर आहे.

सत्राचा क्रम दर वेळी तोच ठेवावा: आल्यावर पदार्थ घेतला आहे का याची तपासणी, मग तिचा निकाल आणि बक्षीस, मग मागच्या उद्दिष्टाची चौकशी, त्यानंतर एका कौशल्याचा सराव, आणि शेवटी पुढच्या सत्रापर्यंतचे उद्दिष्ट. क्रम बदलला नाही की गोंधळलेल्या मनावरचा ताण कमी होतो. गट सहा जणांच्या वर नेऊ नये, मध्ये थोडी विश्रांती द्यावी, फळ्यावर मोठ्या अक्षरांत मोजकेच शब्द लिहावेत, आणि एका सत्रात एकाहून अधिक नवी गोष्ट शिकवू नये. आठवडाभराने तीच गोष्ट पुन्हा शिकवताना रुग्णांना कंटाळा येत नाही. कंटाळा शिकवणाऱ्याला येतो, आणि तो त्याने गिळावा.

इच्छा कशी जागवावी

विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडलेली प्रेरणात्मक मुलाखत, म्हणजे बदलाची कारणे रुग्णाच्याच तोंडून बोलती करणारी संवादपद्धती, येथेही उपयोगी पडते, पण तिला साधे आणि ठोस रूप द्यावे लागते. ‘पाच वर्षांनी तू स्वतःला कुठे पाहतोस’ असल्या प्रश्नांना या गटात शांततेखेरीज उत्तर मिळत नाही. ‘मागच्या वेळी रुग्णालयात भरती झालास, त्याच्या आदल्या आठवड्यात काय काय घडले’ हा प्रश्न मात्र बोलते करतो. फळ्यावर दोन रकाने करावेत. पहिल्यात पदार्थ घेतल्याने काय बरे वाटते ते लिहावे, आणि ते प्रामाणिकपणे, नाक न मुरडता लिहावे. दुसऱ्यात त्याची किंमत काय मोजावी लागते ते लिहावे. पहिला रकाना उपचारकाने आपल्या हाताने भरला की रुग्णाला बचाव करण्याची गरज उरत नाही आणि दुसरा रकाना तो स्वतःहून भरू लागतो.

एडवर्ड खान्ट्झियन यांनी १९८५ मध्ये मांडलेली कल्पना, म्हणजे माणूस आपल्या मानसिक यातनेवर स्वतःच औषध म्हणून पदार्थ निवडतो, ही आकर्षक आहे आणि काहींच्या बाबतीत खरीही असते. तरी पहिल्या रकान्यात काय उतरते ते नीट वाचावे. एकटेपणा, रिकामा दिवस, चार मित्रांत मिसळायला मिळणे, झोप लागणे, ही कारणे इतर कोणाही व्यसनी माणसाच्या कारणांसारखीच असतात. प्रत्येक घोट भासांसाठी घेतला जातो असे धरून चालल्यास रिकाम्या दुपारचा प्रश्न तसाच राहतो.

घडलेल्या प्रसंगाची फोड

एक अलीकडचा प्रसंग घ्यावा आणि तो तासातासाने उलगडावा. समजा, एक रुग्ण सांगतो की शनिवारी रात्री त्याने प्यायली. शनिवारी सकाळी महिन्याचे पैसे हातात आले होते. दुपारी करण्यासारखे काहीच नव्हते. चार वाजता पायांत अशी बेचैनी सुरू झाली की एका जागी बसवेना. सहा वाजता जुना मित्र दारात आला. येथे चार दुवे दिसतात आणि प्रत्येकावर वेगळा उपाय आहे: पैसे विश्वासातल्या व्यक्तीकडे ठेवून थोडे थोडे घेणे, दुपारसाठी ठरलेले काम, मित्राला दारातूनच परत पाठवण्याचा सराव, आणि बेचैनीसाठी डॉक्टर. या शेवटच्या दुव्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. मनोविकारावरील काही औषधांमुळे अकॅथिसिया नावाची असह्य चुळबुळ सुरू होते. रुग्ण तिला ‘तलफ’ म्हणतो, उपचारक ती चिंता समजतो, आणि डोस किंवा औषध बदलून सुटणारा त्रास दारूने दाबला जातो. म्हणून ‘बेचैनी’ हा शब्द आला की ती नेमकी कुठे जाणवते, पायांत की मनात, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

उद्दिष्ट छोटे, लेखी आणि आजच्यापुरते

‘आयुष्यभर हात लावणार नाही’ हे वचन घेऊ नये. ‘गुरुवारच्या सत्रापर्यंत गांजा नाही’ हे उद्दिष्ट घ्यावे, कागदावर लिहावे, त्यावर रुग्णाची आणि साक्षीदार म्हणून गटातल्या एकाची सही घ्यावी. एकाहून अधिक पदार्थ असतील तर सर्वाधिक हानी करणारा एक आधी निवडावा. पूर्ण बंद करण्याची तयारी नसेल, तर दिवस किंवा प्रमाण कमी करणे हा टप्पा मान्य करावा. याला काही सहकारी तडजोड म्हणतात. माझा अनुभव असा की पूर्ण संयमाची अट दारातच घातली, तर दार ओलांडण्याआधीच निम्मे लोक परततात.

नकाराचा सराव

सहा महिन्यांतला सर्वांत मोठा भाग येथे खर्च करावा. नकाराची पायऱ्यांची रचना सोपी आहे. समोरच्याकडे पाहावे, पहिलाच शब्द ‘नको’ असावा, एकच कारण द्यावे, पुन्हा विचारू नकोस असे सांगावे किंवा दुसरे काही सुचवावे, आणि तरीही आग्रह झाला तर तेथून निघून जावे. प्रथम दोन उपचारकांनी हा रोल प्ले करून दाखवावा. मग रुग्णाने एक-दोन मिनिटे तो करावा. त्यावर आधी काय जमले ते नेमके सांगावे, जसे ‘तुझा नको पहिल्याच वाक्यात आला’. मग एकच दुरुस्ती सुचवावी आणि लगेच पुन्हा करायला लावावे. प्रत्येकाचे दोन-तीन फेरे झालेच पाहिजेत. बघून शिकेल या आशेवर कोणाला मागे बसू देऊ नये; फार संकोच असेल तर त्याच्याशी बसल्या जागीच दोन वाक्यांचा सराव करावा.

प्रसंग त्याच्या आयुष्यातलेच घ्यावेत. पदार्थ विकणारा अनेकदा त्याचा एकमेव मित्र असतो, कधी भाऊ असतो, कधी त्याने याला पैसे उसने दिलेले असतात, आणि अनोळखी माणसाला नाही म्हणण्याचा सराव या तिन्ही ठिकाणी निकामी ठरतो. संशयाचा त्रास असलेल्या रुग्णाला दुसऱ्याच्या डोळ्यांत डोळे घालून पाहणे असह्य होते, तेव्हा त्याने कपाळाकडे किंवा खांद्याकडे पाहिले तरी चालते. ज्याचा आवाज आजारामुळे सपाट आणि क्षीण झाला आहे, त्याच्याकडून ठाम स्वराची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. त्याला पाठ वळवून चालू लागण्याचा सराव द्यावा. गटातल्या एकाने आग्रह करणाऱ्याची भूमिका इतकी तंतोतंत वठवावी की सगळे हसतात, असे वारंवार घडते. ते हसू थांबवू नये, मात्र त्याच्या हातात खरी बाटली किंवा सिगारेट कधीही देऊ नये.

तपासणी आणि बक्षीस

चांगल्या वर्तनाला ताबडतोब, दर वेळी आणि वाढत्या प्रमाणात मोबदला देणे ही या उपचारातील सर्वाधिक वादग्रस्त आणि सर्वाधिक परिणामकारक बाब आहे. स्टीफन हिगिन्स यांनी १९९१ पासून कोकेनच्या व्यसनासाठी व्हाउचर देण्याची पद्धत अभ्यासली; नॅन्सी पेट्री यांनी २००० मध्ये दारूच्या व्यसनासाठी चिठ्ठ्या काढून बक्षीस देण्याची स्वस्त पद्धत मांडली. रक्कम लहान असावी, सलग स्वच्छ नमुन्यांसोबत थोडी थोडी वाढावी आणि नमुना दूषित आला किंवा दिला गेला नाही तर पुन्हा पहिल्या पायरीवर यावी. बक्षीस सर्वांसमोर, टाळ्यांसह द्यावे. नमुना दूषित आला तर राग, उपदेश किंवा दंड यांपैकी काहीही नको. त्या दिवशी बक्षीस नाही आणि आता प्रसंगाची फोड करू, एवढेच म्हणावे.

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत गंभीर मनोविकार आणि उत्तेजक पदार्थांचे व्यसन असलेले १७६ रुग्ण होते. बक्षीस मिळणाऱ्या गटात स्वच्छ नमुने अधिक आले आणि मनोविकारासाठी भरती होण्याचे प्रमाणही कमी राहिले, परंतु याच गटातून उपचार अर्धवट सोडणारे अधिक होते. मी यातून असा अर्थ घेतो की बक्षीस हुकण्याची लाज काहींना दाराबाहेर ठेवते. म्हणून निकाल काहीही लागो, केवळ हजर राहण्यासाठीही एक छोटे बक्षीस राखून ठेवावे.

तपासणीच्या मर्यादा माहीत नसतील तर अन्याय होतो. रोज गांजा ओढणाऱ्याच्या लघवीत तो थांबल्यानंतरही काही आठवडे अंश सापडू शकतात, म्हणून सुरुवातीच्या काळात उतरते प्रमाण पाहावे. कोकेनचा अंश साधारण दोन ते चार दिवस टिकतो. दारू काही तासांत निघून जाते आणि तिच्यासाठी श्वासाची चाचणी त्याच वेळी घ्यावी लागते. शिवाय तपासणीची पट्टी चुकू शकते: नैराश्यावरील बुप्रोपिऑन घेणाऱ्याचा नमुना ॲम्फेटामिन या उत्तेजक पदार्थासाठी आणि मनोविकारावरील क्वेटियापिन घेणाऱ्याचा मेथाडोन या अफूसारख्या औषधासाठी खोटा दूषित येऊ शकतो. रुग्ण ‘मी घेतले नाही’ असे म्हणत असेल, तर त्याच्या गोळ्यांची यादी पाहावी आणि प्रयोगशाळेतून खात्री करून घ्यावी. निकाल कोणाला कळणार आणि कोणाला नाही, हे कार्यक्रम सुरू होण्याआधीच लेखी ठरवावे. तो घरमालक किंवा पोलीस यांच्याकडे जाईल अशी शंका आली तर उरतो तो केवळ फसवाफसवीचा खेळ.

पाय घसरला तर

ॲलन मार्लट यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले की एकदा पाय घसरणे वेगळे आणि जुन्या खाईत पुन्हा कोसळणे वेगळे. मधला दुवा असतो ‘आता सगळे संपलेच आहे’ हा विचार. दुहेरी आजारात या विचाराला एक धोकादायक जोड मिळते. दारूबरोबर गोळ्या चालत नाहीत असे ऐकलेले असल्याने रुग्ण प्यायल्यावर गोळी टाळतो, दुसऱ्या दिवशी शरमेने टाळतो, आणि आठवड्याभरात आवाज परत येतात. म्हणून ‘प्यायलो तर गोळीचे काय करायचे’ हा प्रश्न घसरण्याआधीच डॉक्टरांना विचारून प्रत्येकाचे वेगळे उत्तर लिहून घ्यावे. उदाहरणार्थ, बायपोलर विकारावरील लिथियम घेणाऱ्याला उलट्या-जुलाब झाले किंवा शरीरातील पाणी कमी झाले तर औषधाची पातळी धोक्याची होऊ शकते, तेव्हा त्याच्या सूचना निराळ्या असतात. हे उत्तर, फोन करायच्या एका माणसाचा क्रमांक आणि पुढच्या सत्राची वेळ, अशा तीन ओळींचे कार्ड प्रत्येकाच्या खिशात असावे आणि ते बाहेर काढून फोन लावण्याचाही सराव करून घ्यावा.

घरच्यांना स्वतंत्र भेटीत दोनच गोष्टी सांगाव्यात: रुग्ण शुद्धीत असताना त्याच्याशी रोज थोडे बरे बोलावे, तो नशेत असताना वाद घालू नये. घरातील सततची टीका मनोविकार उलटण्याला हातभार लावते, हे त्यांना सांगितल्यास बहुतेक जण मान्य करतात.

प्रगती मोजताना

यशाची व्याख्या आधीच ठरवावी. वायव्य इंग्लंडमध्ये मनोविकार आणि व्यसन असलेल्या ३२७ जणांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रेरणात्मक मुलाखत आणि विचार-वर्तनोपचार यांमुळे घेतलेल्या पदार्थाचे प्रमाण घटले, पण भरतीचे किंवा लक्षणांचे प्रमाण घटले नाही. याचा अर्थ रुग्णाला आणि वरिष्ठांना प्रामाणिकपणे सांगावा की या उपचाराने भास जाणार नाहीत. महिन्यात पदार्थाविना गेलेले दिवस, घेतलेल्या गोळ्या, हजेरी आणि रुग्णालयात काढलेल्या रात्री हे चार आकडे एका तक्त्यात नोंदवावेत, आणि तो तक्ता रुग्णालाच भरायला द्यावा.

सहा महिन्यांनंतर गट एकदम बंद करू नये. आठवड्यातून एकदा, मग पंधरवड्यातून एकदा, असे अंतर वाढवत जावे आणि पुन्हा त्रास झाला तर आधीच्या अंतरावर परतण्याची मुभा ठेवावी. जो सत्राला आला नाही, त्याला त्याच दिवशी फोन करावा आणि कारण न विचारता पुढच्या सत्राची वेळ सांगावी. दोन सत्रे चुकली तर त्याच्या घरी जावे. महिनाभर गायब राहून तो परतला, तर त्याची खुर्ची पूर्वीच्याच जागी असावी आणि सत्राची सुरुवात नेहमीप्रमाणे तपासणीनेच व्हावी.